अवजारं कुणाची?

तुम्हाला ठाऊक होतं. करखात्याच्या खुर्च्यांवर बसलेल्या साहेबांनो, सत्तावीस वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत. इंग्लंडमधल्या बार्न्सलीचा क्रेग ऑक्सली कुठल्या गॅरेजात राबतो, काय काम करतो, त्याला किती पगार मिळतो, सगळं तुमच्या दप्तरी होतं. त्याच्या पगारातून कर कापायला तुम्ही कधी एक दिवस उशीर केला नाहीत. पण नोकरीसाठी स्वतःच्या पैशाने अवजारं घेणाऱ्या कामगाराला त्या खर्चावर भरलेला कर परत मागता येतो, एवढं कळवायला तुम्हाला एक पोस्टकार्ड जड झालं!

क्रेग माझ्याच गल्लीतला. माझी खटारा गाडी अकरा वर्षं त्याच्याच हातांवर जगली आहे. म्हणून हे मी लिहितोय.

त्याची पेटी एकदा बघायला हवी. लाल, चाकांवरची, छातीइतकी उंच, चौदा कप्प्यांची. प्रत्येक पान्याची जागा फोममध्ये कोरलेली, प्रत्येक पान्यावर ‘क्रे. ऑ.’ खोदलेलं. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली, तर ती भरल्याशिवाय हा गडी घरी जात नाही. आमच्याकडच्या गॅरेजांची रीतच अशी आहे. मालक छप्पर देतो, गाडी उचलायची लिफ्ट देतो, चहाची किटली देतो. अवजारं ज्याची त्याने आणायची. दर गुरुवारी अवजारं विकणाऱ्या टेरीची व्हॅन दारात येते आणि बापेमाणसं तिच्याभोवती आइस्क्रीमच्या गाडीभोवती पोरं जमावीत तशी जमतात. घरी बायकोला अर्धीच किंमत सांगायची, हीसुद्धा रीतच. पावती चोळामोळा करून डगल्याच्या खिशात कोंबायची. धुण्यात ती विरघळते, म्हणजे पुरावा संपला.

यंदा फेब्रुवारीत गॅरेजचा मालक स्टुअर्ट टिंडल चहाच्या सुट्टीत म्हणाला, "मंडळी, एप्रिलपासून विजेवरच्या गाड्या घेतोय. ज्याच्याकडे शॉक न बसणारे, आवरणवाले पाने असतील, त्याला ते काम. बाकीच्यांनी टायर बदलायचे."

"आणि ते पाने कोण आणणार?" क्रेगने विचारलं.

"कोण म्हणजे? नेहमी कोण आणतं?"

त्या संचाची किंमत आठशे चाळीस पौंड. क्रेगकडे नव्हते. नुसतं कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा हा माणूस. त्याने आता टायर बदलायचे! एकोणिसाव्या वर्षी ज्या कोपऱ्यातून सुरुवात केली, शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं.

शुक्रवारी मासे आणि चिप्स टेबलावर आले, तरी क्रेगच्या हातातला काटा-चमचा हलेना. बायको मॅक्सीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि म्हणाली, "मग कर परत मागायचा फॉर्म भर. मागच्या चार वर्षांचं मिळतं."

"मी सरकारपुढे हात पसरणार नाही."

"कोण म्हणतंय हात पसर?"

"तेच झालं ते. कोळशाची खाण बंद झाली तेव्हा बाप बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहिला होता, मी त्याचा हात धरून होतो. काचेमागची ती बाई त्याला सगळ्यांदेखत विचारत होती, घरात किती अंडी आहेत म्हणून! परत येताना तो अख्खा रस्ता मान खाली घालून चालला. तेव्हाच ठरवलं, ऑक्सली पुन्हा तिथे जाणार नाही."

मॅक्सीनने चिप्सवर व्हिनेगर ओतलं. घाईत नव्हती ती.

"तुझा बाप चांगला माणूस होता, लाडक्या. पण तू गल्लत करतोयस. गॅरेजवाला गॅरेजसाठी लिफ्ट घेतो, तेव्हा तो खर्च वजा करून मगच कर भरतो. त्याला कुणी विचारतं का, घरात अंडी किती? तू पाना घेतोस तो गाडी दुरुस्त करायलाच ना? का पाठ खाजवायला? त्या पैशावर तू आधीच कर भरलायस. तो तुझा आहे. त्यांच्याकडे चुकून राहिलाय, एवढंच."

"तुला काय माहीत गं यातलं?"

"मी माझ्या पांढऱ्या कोटाच्या धुलाईवरचा कर केव्हापासून परत घेते. आमच्या युनियनच्या फळ्यावर कागद होता. व्हिटबीला समुद्रावर आपण खेकडे खाल्ले, त्याचे पैसे काय आकाशातून पडले?"

क्रेगला हसू आलं, पण लगेच तोंड पडलं. "तरी काही उपयोग नाही. पावत्यांशिवाय ठरावीक चिल्लर हातावर ठेवतात. पावत्या तर धुण्यात गेल्या."

मॅक्सीन उठली, जिना चढून वर गेली आणि बुटांचा खोका घेऊन खाली आली. रबरबँड लावलेल्या गड्ड्याच गड्ड्या. काही कागदांवर ग्रीस, काही चुरगळून नंतर इस्त्री केल्यासारखे सपाट.

"टॉर्क पाना," तिने वाचायला सुरुवात केली. "मला म्हणाला होतास ऐंशी पौंड. एकशे नव्वद."

क्रेगचे कान लाल झाले.

"हा सॉकेटांचा संच. ‘टेरीने जवळजवळ फुकटच दिला गं.’ दोनशे साठ."

"मॅक्स, तुला... सगळं माहीत होतं?"

"तुझे डगले कोण धुतं? खिसे न बघता धुणं मशीनमध्ये टाकायला मी काय खुळी आहे?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माझ्या बहिणीचा नवरा घोड्यांवर पैसे लावतो. माझा नवरा पाने आणतो. तिच्यासमोर मी ह्या पावत्या मिरवायची, मूर्खा!"

त्या रात्री माशाचं गार झालेलं जेवण बाजूला सारून फॉर्म भरला गेला. सही करताना क्रेगने पेन दाबलं ते असं, की कागदाच्या मागे उमटलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. साहेबांनो, तुमचंच. म्हणे, ही अवजारं कामाला लागतात आणि मालक ती पुरवत नाही, असं मालकाच्या सहीचं पत्र जोडा. ठीक आहे, हिशोबाचं काम आहे, पुरावा हवाच. क्रेग पत्र घेऊन स्टुअर्टकडे गेला.

स्टुअर्टने वाचून कागद टेबलावर टाकला. "असलं मी लिहून देणार नाही. मी कामगारांना पाने देत नाही असं सरकारला स्वतःच्या हाताने कळवू? गॅरेजची इज्जत काय राहील?"

"खरं तेच लिहायचंय, स्टुअर्ट."

"सगळी अवजारं गॅरेजात आहेतच की. गॅरेजात आहेत म्हणजे गॅरेजचीच. जा, शववाहिका पूर्ण कर. बाराला चर्चमध्ये पोचायचीय."

लिफ्टवर अंत्यविधीवाल्यांची काळी गाडी चढवलेली होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली. क्रेग तिच्यापाशी गेला. हातातला पाना त्याने फडक्याने पुसला, फोममधल्या त्याच्या जागी ठेवला. एकेक कप्पा आत सारला. आणि पेटीला कुलूप लावलं.

"हे काय चाललंय?" स्टुअर्ट दारात आला.

"काम करतोय," क्रेग म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आज गॅरेजच्या अवजारांनी करतो. द्या. कुठे आहेत?"

स्टुअर्ट तणतणत भिंतीतल्या कपाटाकडे गेला. एक हातोडी निघाली. एक वाकडा स्क्रू-ड्रायव्हर. आणि सार्डिन माशांचा डबा उघडायची चावी.

"बाकीच्यांची घे!" तो ओरडला.

तेवढ्यात पलीकडून खट् असा आवाज आला. लेस नावाच्या म्हाताऱ्या कामगाराने आपल्या पेटीला कुलूप लावलं होतं. मग आणखी एक खट्. मग आणखी एक. नऊ पेट्या, नऊ कुलपं! अख्ख्या गॅरेजात छप्पर, लिफ्ट आणि किटली, एवढंच मालकाचं उरलं!

कोपऱ्यात चहा पीत बसलेला अंत्यविधीवाला घड्याळ बघत म्हणाला, "माझं गिऱ्हाईक थांबेल हो. त्याचे नातेवाईक थांबणार नाहीत."

स्टुअर्टने नऊ कुलपांकडे पाहिलं, मग हातातल्या हातोडीकडे. रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू उतरला. तोही एकेकाळी पाना धरून उभा राहिलेला माणूस, बापाची गादी मिळायच्या आधी. "माझीही एक पेटी होती," तो पुटपुटला. "निळी होती." आणि उभ्या-उभ्याच त्याने पत्र लिहिलं. खाली सही, शिक्का.

क्रेगने कुलूप काढलं. पावणेबाराला काळी गाडी दिमाखात बाहेर पडली. त्याच दुपारी स्टुअर्टने किटलीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा कागद चिकटवला: ‘ज्याला पत्र हवं असेल त्याने मागावं. लाजू नये.’

क्रेगला नऊशे बारा पौंड परत आले. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्याने आवरणवाले केशरी पाने पेटीच्या पंधराव्या कप्प्यात मांडले. हो, पंधराव्या, एक कप्पा वाढवला गड्याने. त्यांवरही ‘क्रे. ऑ.’ खोदलं. पावती या वेळी चोळामोळा केली नाही. घरी येऊन मॅक्सीनच्या हातात दिली आणि खरी किंमत सांगितली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टेरीला मीच फोन करून विचारली होती."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी स्वतःची कात्री, स्वतःचा रंधा, स्वतःची गवंडीकामाची थापी घेऊन दुसऱ्याच्या कामावर जात असेल. त्याला सांगा, आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते विचार, कागद जपून ठेव, आणि आपल्या घामाचं परत मागताना मान ताठ ठेव. क्रेगचा अभिमान खोटा नव्हता. तो चुकीच्या जागी खर्च होत होता. न मागण्यात कसली शान? शान होती ती त्या कुलपाच्या आवाजात.

आता तुमच्याकडे वळतो, साहेबांनो. चार वर्षांचं दिलंत. त्याच्या मागचं मिळत नाही, नियम आहे, मुदत टळली, असं तुमचं पत्र म्हणतं. मुदत कुणाची टळली? ज्याला कुणी सांगितलंच नाही त्याची? तेवीस वर्षं दर गुरुवारी तो व्हॅनसमोर उभा राहिला, दर महिन्याला तुम्ही त्याच्या पगारातून कापून घेतलंत. त्या खोक्यात त्या तेवीस वर्षांच्याही पावत्या आहेत, ग्रीसच्या डागांसकट, मॅक्सीनने सपाट करून ठेवलेल्या. त्याला वेळेवर का सांगितलं नाहीत? त्याच्यासारख्या किती जणांना अजून सांगितलेलं नाही?

क्रेग ऑक्सलीचा पत्ता तुमच्याकडे आहे. कापून घेताना तो कधी चुकला नाही. त्याच पत्त्यावर उत्तर पाठवा.