डीकनच्या गायी कुणी मारल्या

"तुम्ही पोचलात तेव्हा गायी मेलेल्या होत्या. हो ना?" कीटिंगसाहेबाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहायला सुरुवातही केली.

"नाही," ओझेला टकर म्हणाली. "उभ्या होत्या."

पेन थांबलं. "मग मेल्या कशा?"

"मी गोळ्या घातल्या."

ओक्लाहोमाच्या त्या मदत-कचेरीत भिंतीलगत रांगेने बसलेल्यांच्या माना वळल्या. वणव्यात अर्ध्या जिल्ह्याचं कुरण जळालं होतं, आणि आगीत मेलेल्या गुरांमागे सरकार पैसे देणार होतं. ओझेला साक्षीला आली होती ती शेजारच्या रूफस बीमनसाठी. चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचे मदतनीस, वय ऐंशीच्या पुढे. पैसे मिळाले तर म्हातारा पुन्हा चार गायी बांधणार. नाही मिळाले तर रान विकून टल्सा शहरात मुलीच्या दारी जाणार.

त्या मुलखात एक रीत आहे. भाजलेलं जनावर तडफडत ठेवायचं नाही, आणि ज्याने त्याला बाटलीने दूध पाजलं, त्याला बंदूक उचलायला लावायची नाही. शेजारी येतो. त्याला कुणी बोलवत नाही, कुणी आभारही मानत नाही. त्या पहाटे ओझेला कुरणात उतरली, तेव्हा डीकन घरात खिडकीकडे पाठ करून देवाचं गाणं म्हणत बसले होते. बार वाजला की आवाज चढवायचे.

"नियमात 'आगीने मेलेलं' असं आहे," कीटिंग म्हणाला. "माणसाने मारलेलं त्यात बसत नाही." मग तो पुढे वाकला. मनाचा वाईट नव्हता तो. "बाई, मी काही ऐकलं नाही, असं समजा. मेलेल्या होत्या म्हणा. म्हातारा सुटेल."

ओझेलाने मागे पाहिलं. डीकन गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. एक शब्द, आणि त्यांचं रान वाचत होतं. तिच्या ओठांवर तो आलाही होता.

"साहेब," ती म्हणाली, "आज मी मेलेल्या म्हटलं, तर पुढच्या आगीत लोक बंदूक खाली ठेवतील. पैसे बुडू नयेत म्हणून गुरं आपोआप मरायची वाट बघत बसतील. दोन-दोन दिवस. ते हंबरणं तुम्ही ऐकलंय कधी?"

"सांग, ओझेला!" डीकन मागून म्हणाले. प्रवचन बोलण्यातून गाण्यात चढू लागलं की चर्चच्या बाकांवरून उठते, अगदी तशी दाद.

"माझ्या देवासमोर मी त्या पहाटे पाप केलेलं नाही. ते लपवून मात्र पाप करणार नाही. लिहा."

"मग त्यांना काही मिळणार नाही."

"नाही तर नाही," डीकन म्हणाले. मान ताठ होती.

तेवढ्यात रांगेतून मर्ल होल्ट पुढे आला. ओढ्यापलीकडचा गोरा गुरेवाला. डीकनच्या, काळ्या लोकांच्या चर्चची पायरीही कधी न चढलेला. "कीटिंग, काल मी 'मेलेली सापडली' असं लिहून दिलं ना? ते खोटं होतं. शेजारच्या पेरीची जनावरं मी मारली, माझी पेरीने."

"तू?" रांगेतून कुणीतरी खिजवलं. "तुला तर बंदूक धरायलाच येत नाही!"

"बायकोने धरली. मी रडलो. तेही लिहा."

हसू फुटलं आणि विरलं. मग "माझंही खोटंच होतं," म्हणत पेरी उठला. त्याच्यामागे कोपऱ्यातली एक विधवा. मग एकेक करत भिंतीलगतचे सगळेच.

कीटिंगचा चेहरा उतरला. "असं केलंत तर सगळ्यांचेच पैसे अडतील. वर विचारावं लागेल मला."

"विचारा की," मर्ल म्हणाला. "आम्ही बसलोय."

ओझेलाने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "वरच्यांना नीट कळायला हवं, तेव्हा सावकाश सांगते. पहिली गाय पांढऱ्या तोंडाची. खूर जळून गेले होते, तरी वासराला पोटाखाली घेऊन उभी होती. तिला आगीने मारलं. उरलेलं मी केलं. लिहिलंत?"

कीटिंगने 'मेलेल्या होत्या' ही आधीची ओळ खोडली.

"लिहितोय," तो म्हणाला.

"आता दुसरी."