सुईणीने ओतलेले पाणी

"मूल निळं आलं आणि रडलं नाही, तर माझी वाट बघत बसू नकोस, देल्फीन. मी म्हातारा माणूस, टेकडी चढेस्तोवर जीव निघून जाईल. जे पाणी हाताला लागेल ते घे, डोक्यावर तीनदा ओत, बाप्तिस्म्याचे शब्द म्हण. आणि मग मला येऊन सांग. लपवायचं नाही."

फादर क्लोदना जाऊन अकरा वर्षे झाली होती, पण कुणाच्या घरी बाळंतपणाला जाताना देल्फीनच्या कानात हा आवाज असायचाच. शुभवर्तमानावर हात ठेवून तिने त्यांच्यापुढे सुईणीची शपथ घेतली होती. रोज पहाटे माळ जपल्याशिवाय ती चूल पेटवत नसे, आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत लोण्याचे बोट जिभेला लावत नसे.

त्या सोमवारी तिला रबेकाच्या घरून बोलावणे आले, तेही नाइलाजाने. रबेकाचे घर प्रोटेस्टंट, देल्फीन कॅथलिक. जेक्सच्या त्या डोंगरउतारावर निम्मे गाव त्यांचेच होते. त्यांची प्रार्थनाघरे राजाने केव्हाच पाडली होती. त्यांची बाळंतपणे त्यांचीच म्हातारी सुईण इझाबो करायची. तीन वर्षांपूर्वी हुकूम सुटला, की प्रोटेस्टंट बाईने सुईणपण करायचे नाही. तेव्हापासून इझाबो दारात बसून लोकर विंचरी आणि देल्फीन दिसली की तोंड फिरवी.

"आलीस? हात धू आधी," रबेका दारातच म्हणाली. "साध्या पाण्याने. तुमचं ते मंतरलेलं आमच्याकडे नसतं."

"माझे हात तुमच्या भांड्यांहून स्वच्छ असतात, रबेकाकाकी."

"जिभेला धार आहे अजून. सूप घेशील? डुकराची चरबी आहे त्यात."

"उपास आहे माझा. ठाऊक असून विचारता."

"असतील बाई तुमचे उपास. आमचा देव स्वयंपाकघरात डोकावत नाही."

आतून ज्युदितचा आवाज आला, "अहो, भांडा नंतर दोघी! इथं माझा जीव चाललाय."

ज्युदित ही रबेकाची सून. वय वीस. नवरा झाकारी सुतार. गेल्या पानगळीत तो जिनिव्हाला कामाला गेला, तो तिकडेच होता. तिथे त्यांच्या धर्माला मोकळीक होती. खोली मिळाली की बायकोला बोलावून घेणार होता. जिनिव्हा पायी पाच तासांवर. स्वच्छ दिवशी उतारावरून सरोवर दिसे. पण प्रोटेस्टंटांनी हद्द ओलांडून तिकडे राहायला जाणे हा आता गुन्हा ठरला होता.

बाळंतपण अडले. मुलगी बाहेर आली ती पायांकडून, गळ्याला नाळेचा वेढा, आणि रंग जांभळाच्या सालीसारखा. देल्फीनने वेढा सोडवला, पाठ चोळली, तोंडात बोट घालून चिकटा काढला. पोर हलेना.

तिने विचार केला नाही. चुलीजवळच्या मडक्यातले कोमट पाणी ओंजळीत घेतले आणि त्या एवढ्याशा डोक्यावर तीनदा ओतले. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

मग तिने मुलीच्या तोंडात फुंकर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पाचव्या फुंकरीला पोर शिंकली आणि मांजरीच्या पिलासारखी रडली.

ज्युदित हसू लागली, रडू लागली. रबेका मात्र जागची हलली नव्हती.

"काय केलंस तू?"

"जगली ना पोर, काकी?"

"ते देवानं केलं. तू काय केलंस ते विचारतेय."

"मरत होती. बाप्तिस्म्याशिवाय जाऊ दिली असती तर कुठं गेली असती ती?"

"देवाकडे! त्यानं आमच्या लेकरांना आधीच आपलं म्हटलंय. त्याला तुझ्या मडक्यातलं पाणी लागत नाही." रबेकाचा आवाज चिरकला. "आता तू जाऊन त्या पाद्र्याला सांगणार."

"सांगावं लागतं. शपथ आहे."

"देल्फीनताई," ज्युदित मुलीला छातीशी धरून हळूच म्हणाली, "नका ना सांगू."

देल्फीन मान खाली घालून भिजलेली फडकी गोळा करू लागली. तिला खरेच वाटत होते, की फारसे काही होणार नाही. फादर पोरीच्या कपाळाला तेल लावतील, नाव लिहितील, एवढेच. आजवर असले पाणी तिने कॅथलिक लेकरांवरच ओतले होते.

आणि ते पाणी न ओतणे तिला जमणारे नव्हते. तिचे स्वतःचे एकच मूल, मुलगा, मेलेलाच जन्मला होता. तेव्हा नवऱ्याने त्याला कापडात गुंडाळून डोंगरापलीकडच्या पवित्र मातेच्या चर्चमध्ये नेले. तिथे अशी लेकरे वेदीपुढे ठेवतात आणि ओठांवर पीस ठेवून वाट पाहतात. पीस हलले, तर मातेने क्षणभर श्वास दिला असे समजून लगेच बाप्तिस्मा उरकतात. शेजारी ठेवलेल्या दोन लेकरांची पिसे हलली. तिच्या मुलाचे तीन दिवस हलले नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून चौथ्या दिवशी त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर रान माजलेल्या जागेत पुरले. नवराही पुढे गेला, त्याला आत जागा मिळाली. बापलेकांच्या मध्ये भिंत आहे ती आहेच.

बुधवारी ती नव्या फादरांकडे गेली आणि जे झाले ते जसेच्या तसे सांगितले.

नवे फादर तरुण होते, मृदू बोलायचे. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. "देल्फीन, एक जीव वाचवलास तू. दोनदा वाचवलास."

"मग तिला तेल लावायला कधी आणू, फादर?"

"तू नको आणूस. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर कोतवालाची माणसं जाऊन घेऊन येतील. शहरातल्या मठातल्या सिस्टर तिला वाढवतील. ती आता आपल्या पवित्र चर्चची मुलगी आहे. पाखंड्यांच्या घरात कशी ठेवायची?"

देल्फीनला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "पण फादर, ती अंगावर पिते. दोन दिवसांची आहे."

"दूध पाजायला दाई ठेवतात सिस्टर."

"आईला भेटायला मिळेल?"

"आई आपल्या धर्मात आली, तर रोज." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटतंय तुला, कळतं मला. पण आत्म्यापुढे दूध मोठं नाही."

ती गुडघे टेकून उठली. बाहेर पडली तेव्हा पायाखालचा बर्फ वितळून चिखल झाला होता. त्या दिवशी तिने माळ हातात घेतली खरी, पण दहाव्या मण्यापुढे बोटे सरकेनात. फादर खोटे बोलले नव्हते. तिनेच आयुष्यभर जे मानले तेच त्यांनी म्हटले होते. मग तेच शब्द आता तिला ऐकवत का नव्हते?

शुक्रवारी ती रबेकाच्या दारी गेली. या खेपेस हात धुवायला कुणी सांगितले नाही. ज्युदितला बाळंतज्वर चढला होता. खोलीत शिरताच देल्फीनला तो वास ओळखू आला. त्या वासानंतर फार थोड्या बायका उठून चुलीपाशी गेलेल्या तिने पाहिल्या होत्या.

तिने उभ्याउभ्याच सांगून टाकले. रविवार, कोतवाल, सिस्टर. एक शब्द गाळला नाही.

रबेकाने हातातली थाळी भिंतीवर आपटली. "गिधाड! मेलेलं मूल तुझं, म्हणून आमचं जिवंत नेतेस?"

यापेक्षा कमी काही ऐकायला देल्फीन आलीच नव्हती.

"आई, पुरे," ज्युदित म्हणाली. ओठ कोरडे पडले होते, डोळे तापाने चमकत होते. "ताई, इकडे बसा. पोरीला घ्या."

देल्फीनने मुलीला घेतले. रंग आता गुलाबी झाला होता.

"उद्या शनिवार. चीजवाल्या बायका बाजाराला जिनिव्हाला जातात. नाक्यावरचे शिपाई तुम्हाला ओळखतात ना?"

"त्यातल्या दोघांची पोरं माझ्याच हातची आहेत."

"सुईण तान्ह्याला दाईकडे पोचवायला निघाली, तर कोण अडवणार? आईंना अडवतील, आमच्या कुणालाही अडवतील. तुम्हाला नाही." ती थांबली, श्वास गोळा केला. "झाकारी राहतो त्या घरातली बाई ओली बाळंतीण आहे. पुलापाशी ते घर, दारावर करवत टांगलेली आहे. माझी पोर तिच्या बापाच्या हातात द्या."

"ज्युदित, मी कोण आहे हे विसरलीस का? तिकडे गेली, की ती कधी क्रूसाची खूण करणार नाही. माझ्या हातानं मी तिला दिलेलं मीच—"

"ठाऊक आहे."

"मला फादरांपुढे या पापाची कबुलीसुद्धा देता येणार नाही. ती दिल्याशिवाय ईस्टरला प्रसाद घेता येणार नाही. फादर पहिलं मलाच विचारतील."

"ते पण ठाऊक आहे. तुम्हाला हे किती महागात पडणार आहे ते. म्हणूनच तुमच्याकडे मागतेय." ज्युदितने तिचे मनगट धरले. हात निखाऱ्यासारखा होता. "मी काही रविवार बघत नाही, ताई. निदान तिला बाप तरी मिळू दे."

चुलीजवळ उभी असलेली रबेका खाली वाकली आणि थाळीचे तुकडे गोळा करू लागली.

"पोचवीन," देल्फीन म्हणाली.

शनिवारी उजाडल्यावर ती आली तेव्हा धुके शेतांवर पडून होते. ज्युदितने मुलीला पाजले. दूध फारसे नव्हते, तरी पोर लुचत राहिली. मग तिने मुलीच्या कानात काहीतरी सांगितले, आणि तोंड भिंतीकडे फिरवले. "न्या आता. मी बघत नाही."

रबेकाने लोकरीच्या शालीत पोरीला बांधून दिले. दुधात भिजवलेल्या फडक्याची पुरचुंडी दिली आणि एका कापडात पाव बांधला. "लोणी नाही लावलेलं," ती खाली बघत म्हणाली. "उपास आहे ना तुझा."

"हो काकी."

"नाव लिआ ठेवलंय. बापाला सांग."

गल्लीच्या टोकाशी चीजवाल्या बायका डोक्यावर टोपल्या चढवत होत्या. त्यांतली एक ओरडली, "देल्फीन, कुणाचं गं हे?"

"दाईकडे न्यायचंय," देल्फीन म्हणाली. त्यात खोटे काही नव्हते.

चर्चची घंटा वाजू लागली होती. ती ऐकून बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. देल्फीनचा एक हात मुलीच्या डोक्याखाली होता, दुसरा पाठीखाली. तिने दोन्ही हात तसेच राहू दिले आणि त्यांच्यामागून उताराला लागली.