कोरडा शर्ट

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, बादलीएवढी, पोटाला पोचे पडलेली. शाळेच्या बेसबॉल मैदानाशेजारच्या खोलीत, फुटक्या हेल्मेटांच्या ढिगात माझा मुक्काम असतो. दारातून मैदान दिसतं. आज सकाळपासून झाडांवर सिकाडा किडे करकरताहेत आणि वारा पडला आहे. असल्या दिवसाची मला धास्ती वाटते. का, ते सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की माझ्यात तोंड पाहावं. तोफू विकणाऱ्या हिदाका बाईंनी मला घेतलं, कारण त्यांचा मुलगा सेइगो शाळेच्या संघात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, झाला होता. रोज पहाटे त्या भाजलेल्या जवाचा चहा उकळून माझ्यात भरायच्या आणि मला तोफूच्या गार पाण्याच्या हौदात बसवायच्या. "सगळ्यांना पुरव हं, सेइगो, एकट्याने ढोसू नकोस," असं म्हणून मला त्याच्या हाती द्यायच्या.

मैदानावर मात्र मला झाकण लावून सावलीत ठेवत. "सराव संपेपर्यंत घोटभरसुद्धा नाही!" ओनुकी सर गरजायचे. "पाणी प्यायलं की पाय जड होतात. तहान मारायला शिका!" तेव्हा सगळीकडे असंच मानत. मुलांचे वडीलही तसेच खेळले होते. कुणी माझ्याकडे टक लावून पाहिलं, तर मोठी मुलं चिडवायची, "काय रे, किटलीशी लग्न लावून देऊ का?" तो बिचारा ओठांवरून जीभ फिरवायचा आणि पुन्हा धावायचा.

माझी आठवण व्हायची ती कुणी चक्कर येऊन पडल्यावर. मग मला पळत नेऊन त्याच्या डोक्यावर ओतत. तो दचकून उठायचा आणि टाळ्या पडायच्या. "जादूची किटली!" मुलं ओरडायची. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी फुशारून जायचे. संध्याकाळी हिदाका बाई मला हलवून पाहायच्या आणि खूश व्हायच्या. "थेंब ठेवला नाही! पोरं पितात हो मनसोक्त."

एका ऑगस्टमध्ये असाच वारा पडला होता. सेइगो अंगावर जाड गाद्यांचं चिलखत चढवून सकाळपासून उकिडवा बसला होता. दुपारी त्याने ते क्षणभर काढलं. संघाची कामं पाहणारी फुमिए धावत आली.

"सर, हिदाकाचा शर्ट बघा ना. सगळे घामाने चिंब झालेत आणि त्याचा कोरडा आहे."

सर उलट खूश झाले. "म्हणजे अंग तयार झालं त्याचं! शिका जरा त्याच्याकडून!"

"हिदाका, तहान लागलीय का रे?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं. तहानच नाही," तो म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

मग त्याने चेंडू फेकला, तो जिथे कुणीच नव्हतं तिकडे. "भुताला दिलास की काय?" मुलं खिदळली. सेइगो हसला नाही. तो खाली बसला आणि तसाच कलंडला.

मला आणलं, उपडं केलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. "अजून ओता!" सर ओरडत होते, पण मी रिकामी झाले होते. संध्याकाळी दवाखान्यात सेइगोने प्राण सोडला. त्याच्या आईने ओल्या केसांवरून हात फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"जवाचा वास येतोय," त्या फुमिएला म्हणाल्या. "प्यायला होता ना गं तो?"

मला सोबत घेऊन आलेली फुमिए मला छातीशी धरून रडू लागली.

अंगातलं पाणी संपलं की घामही थांबतो, हे सगळ्यांना उशिरा कळलं. पुढे नियम बदलला. आता प्रत्येकाची आपली बाटली आहे आणि मला कुणी घासतही नाही. त्याचं मला दुःख नाही. पण सामना जवळ आला की त्या बाटल्या बाकावर गळ्यापर्यंत भरलेल्या तशाच राहतात. नवे सर सांगतात, "पाणी प्या रे!" मुलं म्हणतात, "तहान नाही, सर." हे शब्द मी ओळखते. मित्रांनो, तहानेची वाट पाहू नका. खेळायच्या आधी प्या, खेळताना थांबून प्या, आणि शेजारच्यालाही प्यायला लावा.

आत्ताही सराव चालू आहे. तिसऱ्या बेसवरच्या मुलाने मघाशी चेंडू भलतीकडेच फेकला आणि सगळे खिदळले. त्याची बाटली बाकावर आहे, भरलेली. त्याचा शर्ट कोरडा आहे.

मला आवाज नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे ना? मग हाक मारा त्याला. आत्ता.