पाणघोड्याची घडी

बाइंडरच्या बायकोने जन्मभर लहान मुलांसाठी हसवणारी चित्रांची पुस्तकं केली आणि बाइंडर त्यांतल्या एकाही पुस्तकाला हसला नाही. बायको त्याला दगडोबा म्हणायची. लेकीनेही लहानपणी एकदा म्हणून पाहिलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

तरी पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवलं जायचं ते त्यालाच. पद्धत ठरलेली होती. नवी गोष्ट सुचली की बाइंडर दुकानातून तीन मोठे कागद आणायचा. प्रत्येकाला दोन घड्या घालायचा, वरच्या कडेला जोडलेली राहिलेली पानं सुरीने कापून मोकळी करायचा आणि सगळं मधोमध शिवून चोवीस पानांची कोरी वही बायकोच्या हातात द्यायचा. त्या वहीत ती पेन्सिलीने अख्खं पुस्तक काढायची आणि मग त्याला समोर बसवून वाचायची.

तो हसायचा नाही. त्याला शंका यायच्या. हत्ती सायकलवर बसला तर टायर फुटत कसं नाही? बगळ्याला सर्दी झाली तर तो रुमाल ठेवतो कुठे? तो अगदी मनापासून विचारायचा. बायको वहीच्या चोविसाव्या पानावर त्या शंका एकाखाली एक लिहून घ्यायची. ते पान ती त्यासाठीच कोरं सोडायची. "तुम्हाला शंका आली," ती म्हणायची, "की समजायचं, इथे पोरं लोळणार." ज्या पानावर त्याला काहीच विचारावंसं वाटलं नाही, ते पान ती खोडून पुन्हा काढायची.

शेवटची वही त्याने इस्पितळात नेऊन दिली. घाईघाईत केलेली होती. बायको उशीला टेकून पानं चाळत होती आणि शेवटाकडे येऊन थांबली. बाविसावं आणि तेविसावं ही पानं वरून जोडलेलीच राहिली होती. घडी कापायची राहून गेली होती. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाइंडरचं तोंड उतरलं. खिशातली लहान सुरी काढून त्याने हात पुढे केला, तर बायकोने वही छातीशी धरली. राहू द्या, म्हणाली, मला चालेल.

तेच त्याला लागलं. एरवी एक पान दोराभर तिरकं शिवलं गेलं तरी तिने दिवसभर ऐकवलं असतं. जिला भांडायचंही उरलं नाही, तिने मनातून सोडून दिलं, असं त्याने धरलं. पुढच्या अकरा दिवसांत ती पडल्या पडल्या काही ना काही काढत असायची, पण त्याला वाचून दाखवायची वेळ काही आली नाही. वही नर्सबाईंनी चष्म्याबरोबर पिशवीत घालून त्याच्याकडे दिली.

याला तीन महिने झाले. मग प्रकाशकबाई घरी आल्या. बायकोची पंधरा पुस्तकं त्यांनीच काढली होती. त्यांनी टेबलावर वही ठेवून एकेका पानाचा फोटो घेतला, बाइंडर पानं उलटत राहिला. गोष्ट लपाछपीची होती. पाणघोडा लपतो आणि मुंगी शोधते. पाणघोडा काठीमागे लपतो, किटलीखाली लपतो, दोरीवर वाळणाऱ्या एका मोज्याआड लपतो, आणि दर पानावर त्याचं भलंमोठं ढुंगण बाहेर. प्रकाशकबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. विसाव्या पानावर मुंगी म्हणते, हरले बाबा. एकविसाव्यावर नुसती एक ओळ होती. 'या वेळी पाणघोडा असा लपला, असा लपला, की' एवढंच. पुढे काही नाही.

"आणि ही दोन?" प्रकाशकबाईंनी जोडलेली पानं बोटाने दाखवली.

"ती उघडतच नाहीत," बाइंडर म्हणाला. "माझी चूक आहे. त्यात काही नाही."

मागचं चोविसावं पानही कोरं होतं.  प्रकाशकबाईंनी हळूच सांगितलं, की शेवट दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावा लागेल. चित्रं काढणारा एक चांगला मुलगा आहे, हात बराचसा त्यांच्यासारखाच आहे. नाहीतर पुस्तक निघणार नाही. बाइंडरने मान डोलावली. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. शेवट तिने केलाच नव्हता, त्याला तो काय करणार?

वही न्यायला त्या रविवारी दुपारी येणार होत्या. सकाळीच लेक नातीला घेऊन आली. नात चार वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. लेक स्वयंपाकघरात शिरली. बाइंडरने वही टेबलावर काढली, सुरी पुसली आणि खुर्ची ओढून बसला. परक्याच्या हातात वही जायची तर निदान चूक दुरुस्त होऊन जावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

भिंगरीला आधी गोष्ट हवी होती. त्याने वाचली, पण कागदाची मापं वाचावीत तशी. तरी मोज्याच्या पानावर ती फरशीवर आडवी पडून हसली. एकविसावं पान आलं. तो थांबला आणि म्हणाला, झाली गोष्ट.

"मग पाणघोडा कुठेय?"

माहीत नाही, म्हणाला, आजीने काढला नाही. आणि त्याने जोडलेली पानं उभी धरून सुरीचं टोक घडीला लावलं. भिंगरी अजून खालीच पडलेली होती. तिला तिथून पानांच्या खालची फट दिसत होती. ती सरकत जवळ आली, मान वाकडी केली आणि एकदम तोंडावर हात घेऊन खुदखुदायला लागली.

"आजोबा, कापू नका. तो आत आहे."

बाइंडरने सुरी खाली ठेवली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, वही उचलली आणि पानांमध्ये फुंकर मारली. फट रुंदावली. आत पाणघोडा होता. गुडघे कानांशी घेऊन, पोट हनुवटीशी दुमडून, ओठांवर बोट ठेवून बसलेला. रेघा वेड्यावाकड्या होत्या, कारण हात फटीतून आत घालून, पेन्सिलीच्या तुकड्याने त्या काढलेल्या होत्या. किती वेळ लागला असेल, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शू! सुरी खाली ठेवा.'

बाइंडर बसून राहिला. लेक हात पुसत दारात आली, त्याच्याकडे बघितलं आणि तिथेच थांबली.

बऱ्याच वेळाने तो बोलला, कुणालाच उद्देशून नाही.

"पण एवढा मोठा पाणघोडा दोन पानांत मावला कसा?"

"घडी घालून," भिंगरी म्हणाली. आजोबांना एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

दुपारी प्रकाशकबाईंनी फटीतून पाहिलं आणि त्या खुर्चीत टेकल्या. शेवट सापडला, आता त्या मुलाची गरज उरली नाही. पण मग त्यांना छापखान्याची आठवण झाली. मशीनमध्ये पुस्तकाच्या तिन्ही कडा एका दमात कापल्या जातात, त्यात ही घडीही जाणार. असं पान ठेवायचं कसं?

बाइंडरचं सकाळपासून तेच चाललं होतं. त्याने सांगितलं, की तेवढं पान वेगळं छापा. पुस्तकं कापून झाली की ते घडी घालून आत चिकटवायचं. मशीनला जमणार नाही, हाताने करावं लागेल.

"दोन हजार प्रती आहेत," प्रकाशकबाई म्हणाल्या.

"मग दोन हजार," बाइंडर म्हणाला.

वही देण्याआधी त्याने त्यांच्याकडे पेन्सिल मागितली. चोविसावं पान उघडलं आणि सावकाश, कारण लिहायची सवय नव्हती, आपली शंका त्यावर लिहिली.