बुधरीचा भुईचाफा

तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता ऐका, हात थांबवू नका, नाईतर पुडे मोजनारा मुन्शी आपल्यावर राग काढन. अन पहिले शपथ घ्या का बुधरीले कोनी सांगनार नाई. प्रिया, तू तर दोनदा घे. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाई.

तुमाले वाटते ना, बुधरी इंदुताईसोबत जंगलात गेली अन दिव्यानी घरी बसली, म्हनजे बुधरीच हुशार? तसं नाई. म्हनजे हाय ती हुशार. पन मी माझ्या हातानं घरी बसली. आगपेटीनं.

शिमगा झाल्यावर इंदुताई आल्या होत्या, आठवते? कालेजात झाडं शिकवतेत त्या. आल्या अन म्हने, "पोरींनो, आपापल्या घराच्या आंगनापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत जे जे रानफूल दिसेल ते वहीत मांडा. कुठे दिसलं, कधी दिसलं, पहिले कोनाले दिसलं. ज्या पोरीची वही चांगली, तिला उन्हाळाभर माझ्यासोबत झाडं मोजायला नेईन." बापा! माझ्या तर कानातून वाफ निघाली. मोहर्लीले सफारीच्या जिप्सीत बसून येनारे लोक वाघ विचारते, फूल कोनी विचारते का? अन मी लहानपनापासून फुलं पाहून राह्यली, आई म्हने या पोरीले काम सांगा, हे कुंपनाच्या कुपाटीत तोंड घालून बसते. तवा मले वाटलं, हे माझ्यासाठीच हाय. माझ्या एकटीसाठी.

मी वही अशी केली ना, पाहत राहान. रंगीत पेन्सिलीनं एकेक फूल चितारलं. धायटी, पांगारा, गणेरीचं पिवळं फूल, सतराव्या पानावर धुऱ्यावरची शंखपुष्पी. निळा रंग तीनदा घासला तवा कुठी तसा आला. अन बुधरी? तिच्या वहीत चित्र एकही नाई. भाताच्या पेजेनं पाकळ्या चिकटवलेल्या, अर्ध्याले मुंग्या लागलेल्या. पन इंदुताई आल्या का आमच्या घरी पाच मिनिटं अन बुधरीच्या आंगनात दोन घंटे. कोरा चहा पेत. मी कुपाटीतून पाहून राह्यली होती. बुधरी एकेक पाकळी दाखवे, याची साल तापावर, याच्या फुलाची भाजी, हे आलं का समजायचं मोहाची फुलं गळाले लागनार. त्यांच्या गोंडी बोलीत एका फुलाले काय म्हनते ते मले तिनं दोनदा सांगलं, माझी जीभच वळली नाई. अन इंदुताईले एका खेपेत जमलं! दोघी हसल्या. मंग इंदुताई म्हने, "बुधरी, हे डोळे कुठून आनले गं?"

मी काय आंधळी हाय? दोन दिवस भात गोड लागला नाई मले. आई म्हने, "काय झालं व, पोट दुखते का?" पोट नाई ना दुखत, सारंच दुखते.

अन वरून बुधरी कशी, माहीत हाय ना? मनात काही ठेवत नाई. एक दिवस माझा हात धरून धुऱ्यावर नेलं. तोच, आमच्या अन त्यांच्या वावरामंधला बांध. तिथी दोन मोह हाय, एक आमचा, एक तिच्या घरचा, दहा पावलांवर. तिच्या मोहाखाली पाचोळा हातभर. तिनं एका जागी हळूच बाजूले केला. खाली भुईतून नखाएवढं काहीतरी जांभळं टोक.

"भुईचाफा," ती म्हने. "पान नाई, देठ नाई, सीधं मातीतून फूल येते. पानं मंग पावसात. आजी सांगे, पन पाचोळ्यात कोनाले दिसतच नाई. उमलल्यावर इंदुताईले दाखवीन. पहिले तुले दाखवलं."

पहिले तुले दाखवलं म्हने! म्हनजे दिसलं तिलेच ना! माझ्या धुऱ्यावर, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, अन वहीत नाव बुधरीचं. मी म्हनलं, "हो व, छान हाय." अन घरी येऊन सारी वही पाहली, एकही फूल त्याच्या बरोबरीचं नाई.

आता खरं ऐका. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन एकटीच गेली. मोह वेचायले एकटं जायचं नाई हे मलेही समजते, मागच्या साली वाघ मोहाजवळच्या नाल्यात बसला होता. पन गेली. माझ्या आबांनी सांगलं होतं, यंदा मोहाखालचा पाचोळा जाळून साफ करायचं नाई, फुलं झेलाले जाळी अंथरायची. मी आमच्या मोहाखालचा पाचोळा पेटवला. आमच्याच. पन वारा कोनीकडं हाय ते पाहून पेटवला.

"मायबाई, दिव्ये!"

ओरडू नको ना प्रिया, बांध तू. आग अशी सरसर गेली का दहा पावलं पोहोचाले दहा श्वास लागले नाई. तवा माझी घाबरगुंडी उडाली. पळसाची डहाळी तोडली अन झोडपत सुटली. विझली कशीबशी. सारा धुरा काळा. अन मी उभी, हाताले फोड, अन मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? का आता बघू इंदुताई काय पाहते.

मागं बुधरी उभी.

मले वाटलं, आता हे माझ्या झिंज्या धरन. ती काळ्या जागेकडं पाहून राह्यली, मंग माझ्या हाताकडं. अन तिचे डोळे भरून आले. म्हने, "तू माझ्या मोहाखालीही साफ केलं?"

समजलं तुमाले? आपल्या इथी कोनाच्या मोहाखाली कोन हात लावते? ज्याचं झाड त्यानंच झाडायचं, त्यानंच साफ करायचं. दुसऱ्याच्या झाडाखाली साफ करते ते फक्त बहीन. तिले वाटलं मी फूल दिसावं म्हनून पाचोळा काढला! घरी नेऊन तिनं माझ्या फोडांवर कोरफड लावली. अन मी लावून घेतली.

चार दिवसांनी इंदुताई आल्या. बुधरीनं आम्हा दोघींले धुऱ्यावर नेलं. अन काय सांगू व! त्या काळ्या राखेत आठ भुईचाफे. पांढरे, मंधात जांभळे, जसं कोनी चुलीत ठेवून विसरलं. वास असा का वावरापर्यंत. पाचोळा असता तर एक दिसला नसता. मीच जाळून तिचं फूल साऱ्या गावाले दाखवलं! असा जीव जळला माझा, त्या धुऱ्याहून जास्त.

इंदुताई राखेत पालथ्या झोपल्या फोटो काढाले. उठल्या तवा तोंड काळं अन आवाजही काळा. "आग कोनी लावली? हे फूल मातीखालच्या गड्ड्यातून आलं म्हणून वाचलं. बाकीचं बघा." अन त्यांनी जिथी बोट ठेवलं ना, तिथी माझी शंखपुष्पी होती. सतरावं पान. जळून तार झाली होती. मी पाहलंच नव्हतं. "ज्यानं हे केलं, तो माझ्यासोबत जंगलात येनार नाही."

बुधरीचं तोंड उघडंच राह्यलं. तिले वाटलं होतं कवतिक होईन. ती माझ्याकडं पाहे, मंग पायाकडं. अन मले दिसलं, हे पोट्टी आता म्हननार, मीच लावली. ओठ हललेच होते तिचे. तवा मले इतका राग आला, इतका! म्हनजे चांगलं वागनंही हेच करनार का?

मी म्हनलं, "मी लावली."

"काऊन?" इंदुताईनं विचारलं.

"मोह वेचाले."

अर्धंच खरं. मंग काय, बुधरी गेली, मी राह्यली. जातानी मले म्हने, "तू माझ्यासाठी केलं अन तुलेच भोवलं." आता बोला! असं ऐकल्यावर मानसानं काय करावं?

"मंग आता काऊन सांगून राह्यली आमाले?"

सांगते ना. परवा देवाजीभाऊ आले, वनखात्याचे चौकीदार. त्यांच्या हाती बुधरीनं पळसाच्या पानात गुंडाळून फूल पाठवलं. बोटाएवढं, हिरवट, आतून लाल ठिपके. सोबत चिठ्ठी, का इंदुताईलेही याचं नाव येत नाई, तू चितार, मले चितारता येत नाई. पाहूनच अंगात भडका उठला. असलं फूल मी जन्मात पाहलं नाई, अन ते तिच्या पायाखाली येते! रात्री उशाखाली ठेवलं, सकाळी कोमेजलं होतं, तवा घाईघाईनं चितारलं. लाल ठिपके मोजून टाकले. खाली लिहिलं, पहिले दिसलं: बुधरी. एकदा लिहून खोडलं, मंग पुन्हा लिहिलं.

अन कागदाच्या मागं सारं लिहून टाकलं. वारा पाहून पेटवलं तेही. आज सकाळीच देवाजीभाऊ घेऊन गेले, दोन दिवसांत पोहोचन.

म्हनून शपथ. दोन दिवस कोनी तोंड उघडू नका. प्रिया, तुझा फोन इथी ठेव, पुड्याखाली. मंग ती मले मारो, बोलो, नाईतर जन्मभर न बोलो. पन हे तिले पहिले माझ्याच हातून समजलं पायजे. इतकं तरी पहिलं माझं असू द्या.