सासरवाडीच्या रस्त्याने तोरणमाळ

नंदुरबारहून तोरणमाळपर्यंत धावत जायची स्पर्धा निघाली, तेव्हा भूपेश पाटलाला एकच अडचण दिसली आणि ती घाटाची नव्हती. वाटेत सासरवाडी होती.

जावई भर उन्हात चड्डीवर पळत येणार, हे तिथे कसंबसं पचलं असतं. पण तोच वेशीजवळ झुडपाआड उभा दिसला असता, तर बायकोने, चेतनाने, माहेरी तोंड कुठे दाखवायचं? म्हणून भूपेशने पहाटेपासून पाण्याने नुसते ओठ ओले केले.

वेशीवर ढोल होता. सासूबाई छबूबाईंनी ओवाळलं. सासरे उखा पाटलांनी खिशातून दुखण्याची गोळी काढली.

"ल्या पाव्हना. मन्हा गुडघाले हाईच लागस."

चुलतसासऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची होती. ती घेतली म्हणून मामेसासरे रुसले. "आम्हनी नई लेतस? आम्ही काय परका शेतस?"

सासरी पुढे आलेलं जावई परत सारत नाही. मावससासऱ्यांचीही मिळून भूपेशने चार गोळ्या एका घोटात गिळल्या. पाय दुखायचे थांबले. घाटात तर ते आपले आहेत असंही वाटेना. वर पदक मिळालं.

दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. मग तीही बंद झाली.

दवाखान्यात खाटेभोवती सगळी सासरवाडी उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"नाही."

"पाणी?"

"भरपूर."

"आम्हना जावई खोटं बोलस नई," उखा पाटलांनी साक्ष दिली.

"मग दोन्ही मूत्रपिंडं बंद का पडली?" डॉक्टर म्हणाले. "कारण शोधण्यात वेळ गेला, तर ती कायमची जातील. नीट आठवा."

भूपेश ऐकत होता. शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळाली असावी, तसा.

चेतना उशी सारखी करायला वाकली. "सांगी टाका."

"तुन्हा बाप उभा शे."

"आनि मन्हा नवरा पडेल शे."

भूपेशने छताकडे बघत सांगितलं, "चार गोळ्या. वेगवेगळ्या. सासरच्यांनी दिलेल्या. पाणी प्यालोच नाही. गावात लघवीला जायची लाज वाटली."

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामेसासऱ्यांना बाहेर कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. त्यांच्यामागे सगळेच निघाले. डॉक्टरांनी डायलिसिसची तयारी करायला सांगितलं. मूत्रपिंडं सुधारतील का, या प्रश्नावर ते म्हणाले, "सुधारतातही. वाट बघावी लागेल."

रक्त नळीतून यंत्रात गेलं, यंत्रातून परत आलं. भूपेशला त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी उखा पाटील एकटेच आत आले. स्टूल ओढून खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीसमोर बसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"काहीच नई," ते म्हणाले.

भूपेशनेही मान वळवून बघितलं.

"नई," तो म्हणाला.