ट्रंक भरू न देणारं घर

ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या त्या जिन्यावर सकाळी आठलाच रांग लागली होती. वरच्या पायरीवरच्या माणसानं खाली सांगितलं की आज ट्रंकेतून परात बाहेर आली. बातमी शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत परातीत कणीक मळून झाली होती.

जिन्याच्या टोकाला भाड्याच्या तीन खोल्या, आणि त्यांत अकरा वर्षं राहणारा मधुसूदन पुराणिक. छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपलं, नवीन राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि मधुसूदनाचं खातंही तिकडे निघालं. सोळा तारखेपर्यंत भोपाळला हजर व्हा, नाहीतर यादीतून नाव कटेल, असा हुकूम हातात होता.

घरात कुणाचीच हरकत नव्हती. चाळीस वर्षं दरबारात नोकरी केलेले वडील, नाना, म्हणाले, "हुकूम तो हुकूम." आई, म्हणजे अनसूयाबाई, म्हणाल्या, "भोपाळला तलाव आहे म्हणे." बायको सरोजिनी काहीच बोलली नाही, ती संमती धरण्यात आली. सगळे हसतमुखानं सामान भरायला लागले.

घराला मात्र हे मंजूर नसावं. रोज संध्याकाळी ट्रंक भरायची आणि रोज सकाळी निम्मं सामान जागच्या जागी. नानांचा पानाचा डबा खिडकीत, आईची परात ओट्यावर, सरोजिनीची कादंबरी उशाशी.

मधुसूदनाला एवढं ठाऊक होतं की दाढीचा आरसा त्यानं स्वतःच काढून परत खिळ्याला लावला होता. त्या खिळ्यावर सकाळचं ऊन फार बरोबर पडायचं. पण आरसा सोडला, तर बाकीचं कोण करत होतं? या विचारानं त्याच्या अंगावर काटा यायचा आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं.

याला ती कादंबरीही थोडी जबाबदार होती. सरोजिनी ती वाचनालयातून आणून दुपारी गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवी. एक एकटी बाई एका घरात राहायला जाते आणि ते घर तिला ठेवूनच घेतं, अशी गोष्ट. दारं आपोआप लागत, भिंतीवर तिचं नाव उमटे. बायका भिऊन एकमेकींना चिकटत आणि म्हणत, "अजून एक प्रकरण वाच गं." राजधानी गेली होती, दफ्तरं ट्रकांत भरून गेली होती, ग्वाल्हेर कुणालाच नको होतं. अशा वेळी एखादं घर तरी म्हणतंय की तू जाऊ नकोस. भाड्याचं का असेना.

समोरचे महिपतराव, फौजेतून निवृत्त झालेले, हिरमुसून म्हणाले, "वीस साल झाले मला माझ्या घरात. एक चमचासुद्धा हलला नाही."

मग स्टेशनाजवळच्या पडाव मोहल्ल्यातून मौनीबाबा आले. त्यांनी बारा वर्षं मौन पाळलं होतं आणि आता त्याची भरपाई चालू होती.

"बेटा, इस घर को तुमसे मोह हो गया है," बाबा नानांच्या खाटेवर मांडी घालत म्हणाले. "वास्तू जागी झाली. एक्केचाळीस दिवस अनुष्ठान लागेल. मी इथेच राहीन, माझी काळजी करू नका, मी फक्त साजूक तुपातलं खातो. तोपर्यंत कुणी गाव सोडलं, तर छत खाली."

"बाबा, सोळाला हजर झालो नाही तर नोकरी जाईल."

"नोकरी माणूस देतो, बेटा. घर घर देतं."

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. त्या दिवशी बारा तारीख होती.

त्याच दुपारी शेजारच्या मुरारहून मधुसूदनाची थोरली बहीण आली. सुधाताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"मधू, घर बोलायला लागलं आणि मला कळवलं नाहीस?"

"ताई, थट्टा नको. प्रत्यक्ष बघ."

बाबांनी प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. भरलेल्या ट्रंकेला कुलूप लावलं, कडीला लाल नाडा गुंडाळला, वर लाखेची मोहोर केली. सगळ्या गल्लीला मारुतीच्या दर्शनाला पाठवलं. पहाऱ्याला स्वतः बसले, डोळे मिटून.

तासाभरानं सगळे परतले तेव्हा कुलूप शाबूत, नाडा शाबूत, मोहोर शाबूत, आणि सामान बाहेर. महिपतरावांनी कुलपाला सलाम ठोकला.

सुधाताईनं कुलपाकडे पाहिलंच नाही. ती जमिनीवरचं सामान बघत होती. एक कानटोपी, डांबरगोळ्यांची पुडी, तीन तडकलेल्या बशा. आणि दिवाळीच्या बेसनलाडवांचा डबा, रिकामा.

"आई, या बशा कधी वापरतेस?"

"कधीच नाही गं. आत्यांनी दिल्या म्हणून टाकवत नाहीत."

"आणि ही टोपी?"

"ती टोचते," नाना म्हणाले.

"म्हणजे इतके दिवस भूत आपल्या घरचं होतं," सुधाताई म्हणाली. "कुणाला काय लागतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. आज आलेलं भूत बाहेरचं आहे. महिपतराव, जरा हात लावा."

दोघांनी ट्रंक भिंतीपासून ओढून फिरवली. मागच्या दोन्ही बिजागऱ्यांतली तार उपसून घाईनं परत खुपसलेली होती. एक तार निम्मी बाहेर होती आणि तिला बेसन लागलेलं होतं. सुधाताईनं तारा ओढल्या, झाकण मागून उचललं. पुढे कुलूप, नाडा आणि मोहोर जागच्या जागी.

बाबा म्हणाले, "वास्तूलाही भूक लागते, बेटी."

"लागत असेल. पण दाढी तुमची आहे, बाबा, आणि बेसन तिथेही आहे."

बाबांनी तत्काळ मौन धरलं आणि ते पाळतच जिना उतरले. महिपतरावांनी पुढचा अर्धा तास रांगेतल्या प्रत्येकाला तार काढून दाखवली. घर बोलण्यापेक्षा त्यांना यातच जास्त आनंद होता.

गर्दी पांगल्यावर मधुसूदनानं विचारलं, "मग आधीचं सगळं?"

"ते तुम्ही सांगायचं. मी पाठ फिरवून बसते."

ती खरंच भिंतीकडे तोंड करून बसली. मग नाना म्हणाले, "पानाचा डबा मी काढला. फक्त डबा. बाकीचं वास्तूनं."

"परात मी," आई म्हणाल्या. "फक्त परात. आणि पोळपाट. एकदा चूलही काढणार होते."

"कादंबरी मी," सरोजिनी म्हणाली. "आणि उशा."

मधुसूदनानं आरशाचं सांगितलं.

सुधाताई वळली. "प्रत्येकाला स्वतःची लबाडी ठाऊक होती आणि दुसऱ्याची नव्हती. एवढ्यानं चमत्कार पुरा होतो, त्याला बाबाही लागत नाही. घराला हात नसतात. नकोसं वाटणं घराला कळत नाही, माणसाला कळतं. ते तोंडानं बोला. भिंतीकडून वदवून घ्यायला गेलात, की मधे कुणीतरी लाडू खाणारा येऊन बसतो."

"मला नाही जायचं भोपाळला," नाना म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर हुकुमाविरुद्ध बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. आवाज बारीक होता, पण ऐकू आला.

बोलल्यावर वाट निघाली. नाना आणि आई इथेच राहतील, सुधाताई दर रविवारी येईल. मधुसूदन आणि सरोजिनी जातील. ट्रंक एकदाच भरली आणि भरलेली राहिली.

पंधरा तारखेला स्टेशनवर गाडी हलली तेव्हा नाना फलाटावर सगळ्यांसमोर रडले. हमाल थांबून बघत होते. सुधाताईनं रुमाल दिला, आईनं पाठीवरून हात फिरवला. कुणीही कुठला बाबा बोलावला नाही.